ब्रेक अकराव्या पानावर

८ जानेवारी

ती. आत्या,

नमस्कार. साष्टांग घालायला वसतिगृहाच्या खोलीत जागा नाही, तेव्हा हा उभ्या उभ्याच स्वीकार.

तुझा मोबाइल बंद आहे आणि घरातला फोन नुसता वाजत राहतो. कुठे भटकत असतेस? ‘भाषा सुधारायची तर पत्रं लिही’ असं तू दहावीपासून म्हणतेयस. घे, तुझी इच्छा फळाला आली.

आमच्या तांत्रिक लेखनाच्या वर्गात यंदा पुस्तकातले प्रश्न नाहीत. चार-चार जणांचे गट केलेत आणि प्रत्येक गटाला एक खरा ग्राहक दिलाय, म्हणजे खराखुरा कारखाना, ज्याला आपल्या वस्तूची माहितीपुस्तिका लिहून हवीय. एका गटाला ड्रोन मिळाला. एकाला कॉफीचं यंत्र. ते लेकाचे रोज फुकट कॉफी पितात. आम्हाला मिळाली कमोडची खुर्ची. चाकांची. आजारी माणसाच्या खाटेजवळ ढकलत न्यायची, त्याने बसायचं, उरकायचं, मग खालचं भांडं काढून धुवायचं. आमच्या लालपेन सरांनी नाव पुकारलं तेव्हा ड्रोनवाल्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

गटात मी, एक कवी, एक नटबोल्ट आणि एक गायब. कवी कविता करतो, नटबोल्ट दिसेल ते खोलून बघतो आणि गायब काय करतो ते तो आल्यावर कळेल. कारखान्याचे मालक सज्जन आहेत, पण त्यांची एक अट आहे. पुस्तिकेत ‘घाणेरडा’ शब्द एकही नको. म्हणून कवीने सुरुवात अशी केलीय : ‘निसर्गाच्या हाकेला ओ देताना आता अंतर आड येणार नाही.’

आत्या, गेल्या वर्षी मी या विषयात आपटलो होतो. यंदाही आपटलो तर बाबा मला रंगाच्या दुकानात बसवणार. तू इतकी वर्षं मुख्याध्यापिका होतीस. आमचा मजकूर तपासशील का?

तुझा,
बारक्या


१४ जानेवारी

चि. बारक्या,

आशीर्वाद. तुझा उभ्या उभ्या केलेला नमस्कार मला बसल्या बसल्या पोचला.

मोबाइल बादलीत पडला आणि वारला. घरातला फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि मी हल्ली आतल्या खोलीत वाचत असते. उठून जावं तोवर तोच दम सोडतो. शेजारच्या शिलाईवाल्या बाई येतात-जातात, त्यांच्याकडून हे पत्र पेटीत टाकते आहे.

तुझ्या बापाला सांग, मी ठणठणीत आहे. एवढंच सांग, रंगवू नकोस. रंगाचा धंदा त्याचा आहे. मागे मला साधा खोकला झाला, तर तो ‘घर विकू, माझ्याकडे सहाव्या मजल्यावर चल’ म्हणत ट्रकवाल्याशी बोलूनसुद्धा आला होता. माझं एक पाऊल वाकडं पडायचा अवकाश, की मी त्या सहाव्या मजल्यावर कुंडीतल्या झाडासारखी बाल्कनीत ठेवलेली सापडेन. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी. मला माझ्या घरात, माझ्या दाराला माझी कडी लावून राहायचंय. ते घालवून मला कुणाचं प्रेम नको.

आता तुझ्या कवीविषयी. निसर्ग हाक मारतो तेव्हा म्हातारं माणूस ओ देत बसत नाही, धावतं. धावता येत नाही म्हणूनच तर ते खुर्ची घेतं. शाळेत मी एका करंगळीवर हजारो अर्ज मंजूर केलेत. त्यात निसर्गाचं नाव एकाही पोराने काढलं नाही. शी आणि शू लिहा. देवाला ती गोष्ट निर्माण करताना लाज वाटली नाही, मालकांना छापताना का वाटावी?

आणि वस्तू समोर नसताना तिच्याबद्दलचा मजकूर तपासायचा, म्हणजे न चाखता भाजी खारट म्हणायची. कारखान्याकडे नमुन्याची खुर्ची असेल ना? ती पाठव. पुस्तिकेचा कच्चा मसुदाही पाठव. लवकर पाठव. लवकर म्हणजे खरंच लवकर.

आत्या


२१ जानेवारी

ती. आत्या,

खुर्ची मिळाली ना? मालक एवढे खूश झाले, की आपल्या टेम्पोने पाठवतो म्हणाले. आजवर कुणी आपणहून त्यांच्याकडे कमोडची खुर्ची वाचायला मागितली नव्हती.

सोबत मसुदाही आहे. भांडणं नकोत म्हणून आम्ही प्रकरणं वाटून घेतली. प्रस्तावना आणि भांड्याची स्वच्छता कवीकडे. ‘बसणे व उठणे’ माझ्याकडे. चाकं आणि देखभाल नटबोल्टकडे. चित्रं गायबकडे, म्हणजे चित्रं नाहीत. कुणी कुणाच्या प्रकरणात नाक खुपसायचं नाही, असं ठरलंय. मग आपापली पानं आणली आणि एकत्र टाचली. कामाची अशी चोख वाटणी आमच्या वर्गात दुसऱ्या कुठल्या गटाची नाही.

तू प्रत्यक्ष बसायची गरज नाही हं. समोर ठेवून नुसती वाच.

बाबा परवा म्हणाले, ‘ताईचा आवाज ऐकल्याशिवाय चैन पडत नाही.’ मी म्हटलं, तिच्या पत्रातून आवाज येतो, वर छडीचाही येतो. हसले, पण पुरतं हसले नाहीत.

बारक्या


३० जानेवारी

चि. बारक्या,

मसुदा वाचला. तपासायची माझी पद्धत अशी : मी मनाने एक म्हातारी कल्पिली. तिचा उजवा पाय कामातून गेलेला, दिवसा घरात एकटी, आणि स्वभावाने आज्ञाधारक. पुस्तिका सांगेल तेवढंच आणि त्याच क्रमाने करणारी.

प्रस्तावना वाचून म्हातारीला रडू आलं, कारण ती लांब होती आणि म्हातारीला घाई होती.

मग तुझं प्रकरण. ‘खुर्ची खाटेला समांतर आणावी.’ आणली. ‘खाटेच्या बाजूचा हात वर उचलावा.’ उचलला. ही सोय फार चांगली आहे, मालकांना सांग. मांडी न उचलता सरकता येतं. ‘दोन्ही तळहातांवर भार देऊन सरकत आसनावर यावे.’ आली. ‘पाठ टेकून निवांत बसावे.’

म्हातारी पाठ टेकून निवांत बसली आणि खुर्ची निघाली.

फरशीला बाहेरच्या दाराकडे उतार आहे. प्रथम हळू, मग उमेदीने. आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत, टेबलाला वळसा, टेबलावर वाजणाऱ्या फोनला ओझरतं दर्शन, आणि थेट दाराकडे. दार शिलाईवाल्या बाईंनी नुसतं लोटलेलं होतं. ते उघडून तेवढ्यात वीजमीटर बघणारा आत येत होता. उंबऱ्याने चाकं अडवली म्हणून बरं, नाहीतर म्हातारी त्याला मांडीवर घेऊन रस्त्याला लागली असती.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी तोच म्हणाला, “मीटर कुठं आहे, आजी?”

म्हातारी म्हणाली, “तुमच्या डाव्या हाताला. आणि मला जरा मागे ढकलाल का? मला शू लागलीय.”

ढकललं बिचाऱ्याने. खाली बघून ढकललं. अंगभर गाऊन होता ही देवाची कृपा. पण उतार करणाराही तोच असल्यामुळे आभार अर्धेच मानले.

नंतर म्हातारीने उरलेली पुस्तिका वाचली. ब्रेक अकराव्या पानावर आहेत. ‘देखभाल’ या प्रकरणात, वंगणाच्या खाली : ‘आसनस्थ होण्यापूर्वी चारही चाकांचे ब्रेक लावलेले असावेत.’

मजकूर शुद्ध आहे. शुद्धलेखनाला पैकीच्या पैकी.

आत्या


३ फेब्रुवारी

आत्या,

कल्पित म्हातारीच्या घरी मीटर बघायला माणूस येतो?

आणि दाराकडे उतार? असा उतार असलेलं एकच घर मला माहीत आहे. लहानपणी तुझ्या आतल्या खोलीत गोटी ठेवली की ती आपली आपण रस्त्यावर जायची. मिस्त्रीच्या डोक्यावर उभं राहून बाबांनी करून घेतलेला उतार आहे तो.

मग मी तुझी पत्रं पुन्हा वाचली. मोबाइल बादलीत पडला. बादली न्हाणीघरात असते. फोनपर्यंत उठून जाववत नाही. नमस्कारसुद्धा बसल्या बसल्या घेतलास. आणि मी गाढव तुझ्या शुद्धलेखनाच्या शेऱ्यांची वाट बघत बसलो होतो.

‘पाठ टेकून निवांत बसावे’ हे वाक्य माझं आहे. चांगलं जमलंय म्हणून मी ते गटाला दोनदा वाचून दाखवलं होतं. नटबोल्टला विचारलं, “ब्रेक मागे का टाकलेस?” तो म्हणाला, “ब्रेक चाकाला असतो. चाकं माझ्याकडे होती. बसणं तुझ्याकडे होतं.” बरोबरच आहे त्याचं. चौघांनी चार खुर्च्यांवर लिहिलं, आणि तू बसलीस पाचवीवर.

कुठे लागलंय? डॉक्टर काय म्हणाले? स्वयंपाक कोण करतं? बाबांना मी अजून काही बोललेलो नाही, पण आत्या, मला हे पेलत नाही. उत्तर लगेच पाठव, नाहीतर मी निघून येईन.

बारक्या


८ फेब्रुवारी

बारक्या,

आलास तर दार उघडणार नाही. उघडता येत नाही म्हणून नव्हे, तत्त्व म्हणून.

न्हाणीघरात घसरले. खुब्याच्या हाडाला बारीक चीर आहे. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया नको, पण उजव्या पायावर भार द्यायचा नाही; हाड या वयातही सांधतं, फक्त सावकाश. स्वयंपाक आणि भांडं शिलाईवाल्या बाई बघतात. भांड्याचं मी त्यांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या म्हणाल्या, “मुख्याध्यापिकाबाई, मी लोकांचे लेंगे उसवते. मला कसली घाण?” तेव्हापासून आमची घट्ट मैत्री आहे.

मी खोटं बोलले ते का, हे तुला माहीत आहे. तुझा बाप वाईट नाही. तो पडलेली वस्तू उचलून कपाटात ठेवणारा माणूस आहे. पुन्हा फुटू नये म्हणून. मला कपाटात जायचं नाही. उभी राहीपर्यंत त्याला कळता कामा नये. तुझ्या तोंडून एक अक्षर गेलं, तर मी देवाघरी गेल्यावर पहिली तक्रार तुझी करीन, आणि तिथे माझी ओळख आहे. रोज सकाळी बोलणं होतं आमचं. परवा मी त्याला म्हटलं, “तूही गटात काम करतोस वाटतं? बसणं एकाकडे, ब्रेक दुसऱ्याकडे?” उत्तर आलं नाही. विचार करत असेल.

आता कामाचं. पुस्तिका हातात घेणारा माणूस अकराव्या पानापर्यंत चालत जाऊ शकत नाही. त्याला चालता आलं असतं, तर त्याने तुमची खुर्ची घेतलीच नसती. पहिल्या पानावर ब्रेक. प्रस्तावना उडवा. आणि मागच्या चाकांचे ब्रेक बसलेल्या माणसाच्या हाताला लागत नाहीत, हे मालकांना सांगा. ते लिहून नव्हे, वाकवून सुधारायचं आहे.

आणि एक. चौघंही त्या खुर्चीवर बसा. एक पाय फळीला बांधून. बसल्याखेरीज कुणी एक ओळ लिहायची नाही.

माझी हकीकत सरांना अहवालात हवी असेल तर वापर. नावगाव घालू नकोस. म्हातारी कल्पितच राहू दे.

आत्या


२४ फेब्रुवारी

ती. आत्या,

घात झाला. पण क्रमाने सांगतो, तूच शिकवलंस.

आम्ही बसलो. पाय फळीला बांधून, वर्गात, भर दुपारी. ड्रोनवाले खिडकीतून बघत होते. कवी खाटेवरून खुर्चीवर सरकताना मधेच अडकला आणि बराच वेळ निसर्गाला नव्हे, आम्हाला हाका मारत होता. त्यानंतर त्याने स्वतःच्या हाताने प्रस्तावना फाडली. गायब त्या दिवशी आला, बसला, आणि पहिल्यांदाच काहीतरी बोलला : “ब्रेक लाल का नाहीत?” मग चित्रं त्यानेच काढली, सगळी. गुणी आहे रे गायब. शेवटी लालपेन सरही बसले. त्यांना उठवायला आम्हा चौघांना लागावं लागलं.

मालक ब्रेकची दांडी पुढे आणायला तयार झाले. शी-शूवरही तयार झाले, म्हणाले, “छापा, पण लहान अक्षरात.” नटबोल्ट म्हणाला, “लहान अक्षर म्हाताऱ्यांना दिसत नाही.” मोठ्या अक्षरात छापलं.

काल सादरीकरण होतं. घरच्यांना आमंत्रण होतं. बाबा माझ्या शाळेच्या कुठल्याही कार्यक्रमाला कधी आलेत? काल आले. तिसऱ्या रांगेत. मी नावगाव सगळं काढलं होतं गं, तुझी शपथ. मी लिहिलं होतं, ‘एक निवृत्त शिक्षिका’. पण अहवाल वाचायला कवी उभा राहिला, त्याला रंग चढला, आणि त्याने फरशीचा उतार, उंबरा, मीटरवाला, सगळं आवाज बदलून बदलून वाचलं. सभागृह हसून लोळत होतं. मी तिसऱ्या रांगेकडे बघत होतो.

बाबा उठून उभे राहिले. म्हणाले, “तो उतार मी केलाय.”

दुसरं काही नाही. एवढंच बोलले आणि बाहेर गेले. सभागृहाला तो विनोदच वाटला; टाळ्या वाजवल्या.

मी मागे धावलो. मला म्हणाले, “तुला माहीत होतं.” मी हो म्हटलं. मग बराच वेळ पार्किंगमध्ये किल्ली शोधत राहिले. किल्ली हातातच होती.

आज ट्रकवाल्याशी बोलले. उद्या सकाळी तुझ्याकडे निघताहेत. मला बरोबर नेत नाहीत : “तू तुझ्या खुर्च्या सांभाळ.” त्यांच्या आधी पोचेल असं काही नाही, म्हणून हे पत्र आणि छापलेली नवी पुस्तिका एकाच पाकिटात घालून त्यांच्याच हाती देतोय. ते उघडणार नाहीत. बाबांनी आयुष्यात कुठलीही माहितीपुस्तिका उघडलेली नाही. आमचं धुलाईयंत्र अजून एकाच कळीवर चालतं.

मला माफ कर. मी पास झालोय, पण तोंड दाखवायची लाज वाटते.

बारक्या


५ मार्च

चि. बारक्या,

अनेक आशीर्वाद. पासाबद्दल वेगळे. ‘गुणी आहे रे गायब’ हे ‘गं’ असायला हवं होतं, मी तुझी आत्या आहे, काका नाही.

तुझा बाप आला. ट्रक दारात उभा. आत आला, मला खाटेवर बघितलं आणि सरळ सुरू झाला, “काय न्यायचं ते दाखव.” मी म्हटलं, “आधी बस.” रागात माणूस आजूबाजूला बघत नाही. जवळ जे होतं त्यावर बसला. पाठ टेकून. निवांत.

बारक्या, त्याच्या वजनाला तो उतार काय मानवला म्हणून सांगू! माझा वेग त्याच्यापुढे काहीच नव्हता. टेबलापाशी त्याने फोन घट्ट धरला, तोही बरोबर निघाला. उंबऱ्याशी थांबला तेव्हा समोर ट्रकवाला. ट्रकवाला म्हणाला, “साहेब, ही खुर्ची आधी चढवू का?”

मी इतकी हसले, की खुबा दुखला. मग बघते तर तो हसत नव्हता. तसाच दारात, तोंड रस्त्याकडे करून बसलेला. जवळ जाता येत नाही ना मला. म्हणून खाटेवरूनच विचारलं, “लागलं का रे?”

म्हणाला, “ताई, तू अशीच गेलीस? एकटी?”

मी म्हटलं, “मीटरवाला होता.”

तेव्हा हसला. हसता हसता डोळे पुसले आणि म्हणाला, “मिस्त्री सांगत होता उतार उलटा होतोय म्हणून. मीच ऐकलं नाही.”

ट्रक परत गेला, रिकामा. तुझा बाप राहिला. ‘दोन दिवस’ म्हणाला होता, अजून आहे. शिलाईवाल्या बाईंना त्याने भांड्याला हात लावू दिला नाही. मी ओरडले, लाजेने रडलेसुद्धा, ते तुला सांगायला हरकत नाही. त्याने चष्मा लावला, तुझी पुस्तिका उघडली आणि उभ्या उभ्या वाचत, बोट ठेवत, एकेक पायरी केली. म्हणाला, “गप्प बस. लिहिलंय तसंच करतोय.” गायबने काढलेलं भांड्याचं चित्र त्याला फार आवडलं.

सहाव्या मजल्याचा विषय निघाला, एकदाच. मी म्हटलं, “मला कपाटात ठेवू नकोस.” दुसऱ्या दिवशी तो मिस्त्री घेऊन आला. न्हाणीघरात भिंतीला धरायचे दांडे बसले. फोन माझ्या उशाशी आला. घराची एक किल्ली शिलाईवाल्या बाईंकडे आणि एक त्याच्या खिशात. किल्ली द्यायला मी का-कू केलं, पण दिली. आता कडी माझ्या एकटीची राहिली नाही. महिन्यातून एकदा तो येणार, आणि मी पडले तर त्याच दिवशी सांगणार, हा करार. उतार मोडून देतो म्हणत होता. मी नको म्हटलं. देवाने आणि तुझ्या बापाने मिळून केलेली एवढी एकच गोष्ट आहे माझ्या घरात, राहू दे.

काल पहिल्यांदा दोन्ही पायांवर उभी राहिले, खाट धरून. देवाला म्हटलं, बघ. त्याने बघितलं असावं.

पत्र इथेच थांबवते. खुर्चीवर जायचंय. शी लागलीय, मोठ्या अक्षरात. आणि तुझा बाप स्वयंपाकघरातून, हात पिठाचे, मी खाटेवरून हललेसुद्धा नाही तोच ओरडतोय :

“ताई, ब्रेक!”

तुझी,
आत्या